पेरणीच्या रविवारी काय वाचायचं?

रविवारच्या उपासनेत बायबलचा कोणता भाग वाचायचा हे ठरवणार कोण? पाळक, मंडळी, की परंपरेनं आलेली यादी? महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती घरांत हा वाद जुना आहे. बहुतेक वेळा तो नाताळच्या खर्चावरून नाहीतर लेंटच्या उपवासावरून पेटतो. मी तो मुद्दाम पावसाळ्यात नेला आहे आणि हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजारला आणून बसवला आहे. चर्चच्या वर्षाचा कस डिसेंबरात लागत नाही, असं माझं मत. डिसेंबरात सगळंच गोड लागतं. कस लागतो तो पेंटेकॉस्टनंतरच्या पाच-सहा महिन्यांत. या काळाला चर्च नुसतं ‘सामान्य काळ’ म्हणतं, आणि जवळा बाजारच्या माणसाचं अख्खं वर्ष याच काळात ठरतं: पेरणी, खुरपणी, फवारणी, काढणी आणि शेवटी बाजारातला भाव.

मामा, भाची आणि मधूनच तोंड घालणारी मामी, ही तिघं कल्पित आहेत. मामा निवृत्त शिक्षक. चार घरांची उपासना स्वतःच्या ओसरीवर घेतात, मोठ्या सणाला परभणी गाठतात. भाची छत्रपती संभाजीनगरला नर्स आहे. ती जाते त्या फेलोशिपमध्ये सणवार पाळत नाहीत. मामी शेत बघते. काळ 2026चा जुलै, आणि पाऊस लांबला आहे असं धरून चाला. मराठवाड्यात एवढं धरून चालायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

भाची : मामा, रविवारी काय घेताय?

मामा : मत्तय, तेरावा अध्याय. पेरणाऱ्याचा दृष्टांत. सोबत यशया पंचावन्न आणि स्तोत्र पासष्ट.

भाची : तुम्ही निवडलंत?

मामा : मी निवडत नाही. यादीत 12 जुलैला हेच आहे. यंदा मत्तयचं वर्ष. पुढच्या वर्षी मार्क, मग लूक, आणि योहान सणासुदीला मधे मधे. तीन वर्षं झाली की पुन्हा मत्तय.

भाची : यादी कुणाची?

मामा : मूळ रोमन कॅथलिकांची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1969 मध्ये, त्यांनी रविवारची वाचनं तीन वर्षांत वाटली. त्याआधी दरवर्षी फिरून तेच ते भाग. पुढे अमेरिका-कॅनडातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी तिच्यावरून आपली यादी बेतली, ती 1992 मध्ये पक्की झाली. मी ती वापरतो.

भाची : म्हणजे जवळा बाजारात या रविवारी काय वाचायचं ते अमेरिकेत ठरलं.

मामा : आणि तुझ्या मोबाइलवर रोज सकाळी येतं ते वचन कुठं ठरतं?

(हा टोला मामांना साधला, पण भाचीचा प्रश्न त्यानं मिटत नाही. वाद घालताना शिक्षक लोक असं नेहमी करतात.)

भाची : मोबाइलचं सोडा. पौलानं गलतीकरांना काय लिहिलं? चौथा अध्याय, दहावं वचन. तुम्ही दिवस, महिने, ऋतू, वर्षं पाळत बसला आहात, माझे कष्ट वाया गेले की काय अशी मला भीती वाटते, अशा अर्थाचं. कलस्सैकरांना पुन्हा तेच: सण, नवचंद्र, शब्बाथ यांवरून कुणी तुम्हाला दोषी धरू नये. नव्या करारात अॅडव्हेंट नाही, लेंट नाही, राखेचा बुधवार नाही.

मामा : रोमकरांसचा चौदावा अध्यायही पौलाचाच. एक जण एखादा दिवस विशेष मानतो, दुसरा सगळे सारखे मानतो. ज्यानं त्यानं आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. गलतीकरांवर तो रागावला कारण दिवस पाळल्यानं तारण होतं असं त्यांना कुणीतरी पटवलं होतं. मला कुणी तसं पटवलेलं नाही. यादीनं तारण होत नाही. यादीनं फक्त एवढंच होतं की मला नको असलेलं पान उघडावं लागतं.

भाची : उदाहरण द्या.

मामा : अठ्ठावीस डिसेंबर. केक अजून डब्यात असतो, चांदणी दारावर असते. आणि वाचन काय? मत्तय दोन. हेरोदानं बेथलेहेमची दोन वर्षांखालची मुलं मारली ते. राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि कुणी समजूत घातलेली तिला नको आहे. तुमच्या फेलोशिपमध्ये नाताळच्या आठवड्यात हा संदेश कुणी कधी दिला? नाही देणार. मीही दिला नसता. अॅडव्हेंटचा पहिला रविवार घे. सगळ्यांना वाटतं आता बाळाची गोष्ट सुरू होणार. मत्तयच्या वर्षी त्या दिवशी काय येतं? चोविसावा अध्याय: शेतात दोघं असतील, एक घेतला जाईल, दुसरा राहील. नोव्हेंबरअखेर आपल्याकडं कापसाची वेचणी चालू असते. शेतात दोघं असतातच. बाळाच्या आधी न्यायाची गोष्ट, हा क्रम मी माझ्या मनानं लावला नसता.

भाची : पण तुमच्याच पूर्वजांनी हे पाळलं नव्हतं ना? तुम्हीच सांगता, आपलं घराणं नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधलं.

मामा : खरं आहे. 1813 ला मुंबईत आले, 1831 ला नगरला. न्यू इंग्लंडच्या परंपरेतली माणसं. त्यांच्या पूर्वजांच्या मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 ते 1681 नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता.

मामी : नाताळ केला म्हणून दंड? मग आपण एवढे अनरसे कुणासाठी करतो?

मामा : औरंगाबादकडचं काम चर्च मिशनरी सोसायटीचं, म्हणजे अँग्लिकन. त्यांच्याकडं प्रार्थनेचं पुस्तक, प्रत्येक रविवारला नाव, प्रत्येकाला ठरलेली प्रार्थना. एक मंडळी सण न पाळणारी, दुसरी पुस्तकाबाहेर पाऊल न टाकणारी. पुढे नागपूरला सहा मंडळ्यांचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात दोन्ही प्रवाह आले. तारीख 29 नोव्हेंबर 1970. तो अॅडव्हेंटचा पहिला रविवार होता.

भाची : म्हणजे ऐक्याच्या दिवशीच अँग्लिकन जिंकले.

मामा : जिंकले कसले. त्यांना बिशपपदावरून किती तरी तडजोडी कराव्या लागल्या.

भाची : बरं, मिशनरी सोडा. आपल्या भाषेतली मोठी माणसं घ्या. फादर स्टीफन्स. ‘ख्रिस्तपुराण’ छापलं 1616 मध्ये, सुमारे अकरा हजार ओव्या. त्यांनी काय केलं? पैलें पुराण, दुसरें पुराण. उत्पत्तीपासून सुरुवात आणि सरळ शेवटापर्यंत. तुकडे केले नाहीत. पंडिता रमाबाई घ्या. 1883 मध्ये बाप्तिस्मा झाला तो इंग्लंडात वाँटेजला, अँग्लिकन भगिनींच्या मठाशी नातं असताना. तिथं तर चर्चच्या वर्षाचा एकेक दिवस पाळत. त्या तिथं रमल्या का? आपल्या बुद्धीनं शास्त्र वाचायचा हक्क त्यांनी सोडला नाही. केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. त्या 1922 ला गेल्या, ते 1924 ला निघालं. ते पुस्तक कुणी तारखेवार वाचावं म्हणून केलं नव्हतं. उघडायचं आणि वाचत जायचं.

मामा : स्टीफन्सचं पुराण रविवारी आणि सणाच्या दिवशीच देवळांत वाचलं जाई, हे तू गाळलंस. आणि रमाबाईंचं म्हणशील तर, त्यांच्यासारखं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी माणसं किती? तू वाचतेस?

भाची : गणनेत अडकले.

मामा : सगळे तिथंच अडकतात.

(मला इथं मामांची बाजू पटते. निवड आपल्या हाती दिली की आपण तेविसाव्या स्तोत्राकडं जातो, करिंथकरांसच्या तेराव्या अध्यायाकडं जातो, आणि यिर्मयातलं भविष्य आणि आशा देणारं ते एकच वचन, ज्याचे फोटो निघतात, तिथं जाऊन थांबतो. आवडीचं वाचन वाईट नसतं. ते लहान असतं.)

भाची : ठीक. यादीची शिस्त मान्य केली. आता यादीत काय आहे ते बघू. यशया पंचावन्न वाचा ना. पाऊस आणि हिम आकाशातून उतरतात आणि भूमी भिजवून, तिला उगवायला लावल्याशिवाय परत जात नाहीत; तसंच देवाचं वचन रिकामं परत येत नाही. स्तोत्र पासष्टमध्ये देव सऱ्या भिजवतो, ढेकळं मऊ करतो, कुरणं मेंढरांनी भरतो. वर पेरणाऱ्याचा दृष्टांत, तीसपट, साठपट, शंभरपट. हे तुम्ही या रविवारी वाचणार. ओसरीवर बसलेल्यांनी पेरून पंधरा दिवस झालेत. ढग रोज येतात आणि रिकामे परत जातात. यशयाला जवळा बाजारातून उत्तर द्यायचं तर लोक म्हणतील, येतात हो परत, रोज संध्याकाळी येतात.

मामी : कालच हिशेब केला. सोयाबीन मोडून परत पेरायचं तर बॅगा परत, खत परत. गेल्या वर्षीची हळद विकून आलेलं यातच जाईल.

मामा : तो अध्याय भरल्या कोठारात बसलेल्यांना उद्देशून नाही. बाबेलच्या बंदिवासातल्या लोकांसाठी आहे. ज्यांच्याकडं शेतच उरलं नव्हतं त्यांना पावसाची उपमा दिली.

भाची : हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. ऐकणाऱ्याला आधी पाऊस ऐकू येणार.

मामी : आणि मला त्या पेरणाऱ्याचं कळत नाही. वाटेवर बी टाकतो, खडकावर टाकतो, काट्यात टाकतो. आमच्यात असा माणूस तिफणीमागं कुणी ठेवेल का?

मामा : त्यांच्याकडं बी मुठीनं फोकून पेरत. शेतातून पायवाट गेलेली असायची, पातळ मातीखाली खडक असायचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पहिला पाऊस पडला की पेरणी, आणि वल्हांडणाच्या सुमारास जव, पेंटेकॉस्टला गहू. म्हणजे त्यांचं पीक आपल्या रब्बीसारखं. ज्वारी-हरभऱ्यासारखं. खरिपाशी त्याचा मेळ नाही.

भाची : म्हणजे यादीनं पेरणीचा दृष्टांत जुलैत ठेवला, त्याचा ना पॅलेस्टाईनच्या पेरणीशी संबंध, ना अमेरिकेतल्या. मत्तय ओळीनं वाचत आलं की तेरावा अध्याय जुलैत पडतो, बस. आपल्या पेरणीला तो लागला हा योगायोग.

मामा : योगायोग असेल. मला तो आवडतो.

भाची : मला नाही आवडत, कारण आपण अशा योगायोगावर भागवतो. वारीचं पंचांग बघा. नर्सी नामदेव याच जिल्ह्यात. गावातली माणसं पेरणी उरकून पंढरीला निघतात. ते वर्ष शेताला धरून आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 नंतर अभंग आणले, भजन-कीर्तन आणलं, त्यामुळं आपले सूर आपले झाले. पंचांग मात्र परकंच राहिलं. अॅडव्हेंटच्या संदेशात पाळक अजून अंधाऱ्या थंड रात्रीबद्दल बोलतात. आपल्याकडं डिसेंबर म्हणजे हुरडा, तुरीच्या शेंगा, वर्षातले सगळ्यात सुखाचे दिवस. आणि ईस्टरला नवी पालवी, वसंत, पुनरुत्थान. आपल्याकडं ईस्टरला हातपंप कोरडे पडायला लागतात.

मामा : आता माझं ऐक. वारी शेताला धरून आहे म्हणालीस. पाऊस झाला नाही म्हणून आषाढी एकादशी कधी पुढं ढकलली? पेरणी झाली नाही तरी माणसं निघतात. पंचांग माणसाच्या सोयीनं वाकत नाही, म्हणून त्याला किंमत. आणि ईस्टर काही अगदी परका नाही. 325च्या नायसिया परिषदेपासून सगळ्यांनी तो एकाच रविवारी पाळायचं ठरलं, आणि रूढ नियम काय? 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेपुढचा रविवार. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये शोध. 2024 मध्ये 25 मार्चला धुळवड, 31 मार्चला ईस्टर. यंदा 2 एप्रिलला हनुमान जयंती, 5 एप्रिलला ईस्टर. कधी होळीमागं येतो, कधी चैत्री पौर्णिमेमागं. यंदा 15 फेब्रुवारीला औंढ्याला महाशिवरात्रीची गर्दी होती आणि 18ला आपल्या कपाळावर राख. चंद्र सगळ्यांचा एकच आहे.

भाची : चंद्र एक असेल, पाऊस एक नाही. 2016 आठवतं?

मामा : आठवतं.

भाची : ईस्टर होता 27 मार्चला. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची आगगाडी लातूरला पोहोचली. त्याच्या दोनच दिवस आधीच्या रविवारी तुमच्या यादीत काय होतं? मी काढून बघितलं. योहान एकवीस. तळ्याकाठी येशू, आणि जाळ्यात एकशे त्रेपन्न मासे. लातूरला नळाला पाणी नाही आणि उपासनेत तळं भरून मासे.

मामा : तो अध्याय रिकाम्या जाळ्यापासून सुरू होतो. रात्रभर राबले आणि काही मिळालं नाही, हे वाक्य आधी आहे. मासे नंतर.

भाची : तुम्ही प्रत्येक वेळी काहीतरी शोधून काढता.

मामा : त्यालाच संदेश म्हणतात.

भाची : मग आता हे शोधून दाखवा. यिर्मया चौदा, पहिली सहा वचनं, यादीत कुठं आहेत?

मामांनी चष्मा घातला, यादी चाळली. यिर्मयाचा चौदावा अध्याय सापडला: लूकच्या वर्षी, ऑक्टोबरअखेरच्या रविवारी, पर्यायी वाचन म्हणून. सातव्या वचनापासून दहाव्यापर्यंत, मग एकोणीस ते बावीस. पहिली सहा नाहीत.

ती सहा वचनं काय आहेत ते वाचकानं उघडून बघावं. मी फक्त सांगतो. यहूदात अवर्षण पडलं आहे. सरदार-दरकदार पाण्याला नोकर धाडतात, नोकर हौदापर्यंत जाऊन रिकामी भांडी घेऊन परततात आणि लाजेनं डोकं झाकून घेतात. जमिनीला भेगा पडल्या आहेत. शेतकरीही लाजून डोकं झाकतात. रानातली हरिणी पाडसाला जन्म देऊन तिथंच सोडून जाते, कारण चारा नाही. रानगाढवं उजाड टेकडीवर उभी राहून धापा टाकतात, त्यांचे डोळे निस्तेज झाले आहेत. मराठवाड्याच्या उन्हाळ्याचं असं नेमकं वर्णन दुसऱ्या कुठल्या धर्मग्रंथात असेल तर मला ठाऊक नाही. शेतकऱ्यानं डोकं झाकून घेण्याची गोष्ट विशेष. पाऊस न पडण्यात त्याचा दोष काय? तरी लाज त्यालाच वाटते. बँकेच्या पायरीवर, कृषी केंद्राच्या काउंटरवर, सोयऱ्यांच्या लग्नात. यिर्मयाला हे दिसलं होतं.

आणि यादी सातव्या वचनापासून सुरू होते: आमच्या पापांमुळं हे झालं, आमच्यासाठी काहीतरी कर. अवर्षण वगळलं आणि पापाची कबुली ठेवली.

भाची : बघा. लांबी कमी करायला कापलं असेल, मी वाईट हेतू म्हणत नाही. पण कात्री कुठं लागली? योएलचंही तसंच. दुसऱ्या अध्यायातलं पाऊस परत आल्याचं आणि टोळांनी खाल्लेली वर्षं भरून देण्याचं वाचन रविवारी येतं. पहिल्या अध्यायातली कण्हणारी गुरं, सुकलेले ओढे येत नाहीत. हबक्कूकच्या पहिल्या दोन अध्यायांतली वचनं येतात. अंजीर फुलला नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत तरी मी प्रभूच्या ठायी आनंद करीन, ते तिसऱ्या अध्यायातलं रविवारी नाही. तुम्ही म्हणता यादीमुळं नको असलेलं पान उघडावं लागतं. कुणाला नको असलेलं? ज्यांच्या नळाला पाणी आहे त्यांना जी पानं आठवलीच नाहीत, ती राहूनच गेली.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. बोलले ते मान्य करायला नाही. शिक्षकाच्या सवयीनं दुसरीकडून सुरुवात केली.

मामा : मामेर्तस नावाचा बिशप होता, आजच्या फ्रान्समध्ये, वियेनला. सन 470च्या आसपास. आपत्तींमागून आपत्ती आल्या म्हणून त्यानं स्वर्गारोहणाच्या आधीचे तीन दिवस उपवास आणि प्रार्थनेचे ठरवले. लोक गीतं म्हणत मिरवणुकीनं जात. पुढे ते दिवस पिकांसाठीच्या प्रार्थनेचे झाले, युरोपभर गेले. 1969 च्या बदलात रोमनं ते सगळ्या जगासाठी एकाच तारखेला ठेवायचं सोडून दिलं. ज्या त्या देशाच्या बिशपांनी आपल्या हवामानाप्रमाणं दिवस ठरवावेत म्हणून मोकळं केलं.

भाची : म्हणजे परवानगी आहे!

मामा : कॅथलिकांना आहे. स्वर्गारोहणाचा दिवस यंदा 14 मे होता. चौदा मेला आपल्याकडं रानात काय असतं?

मामी : धूळ. आणि हळदीच्या बेण्याची निवड.

भाची : मग मृगात ठेवा. मृगाचा पहिला रविवार. आणि कापणीचा सण तरी कुठं प्रेषितांनी सांगितला होता? तोही कॉर्नवॉलच्या रॉबर्ट हॉकर नावाच्या एका पाळकानं 1843 मध्ये सुरू केला. आपण तो घेतला, वर लिलावाची जोड दिली. भोपळा, कोंबडी, ज्वारीचं पोतं, सगळं बोलीनं विकतो. इंग्लंडच्या एका खेड्यातल्या पाळकाला जमलं ते जवळा बाजारला का जमू नये?

मामा : कारण प्रत्येक गावानं आपापले दिवस घातले तर वर्ष उरणार नाही, यात्रांची जंत्री होईल. या रविवारी मत्तय तेरा नैरोबीत वाचलं जाणार, मनिलात वाचलं जाणार. चार घरांच्या ओसरीला ते बळ लागतं. मोठ्या शहरातल्या हजाराच्या मंडळीला लागत नसेल. इथं आपण ख्रिस्ती किती? बोटावर मोजण्याएवढे. सगळं जग तेच पान उघडून बसलंय हे कळलं की आवाज जरा खणखणीत निघतो.

(भाचीकडं याला उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडंही नाही. शहरातल्या माणसानं यादीवर टीका करताना ही ओसरी विसरू नये.)

मामी : आणि पुढच्या रविवारी काय आहे?

मामा : गहू आणि निदण. शत्रू रात्री येऊन गव्हात तण पेरतो. नोकर म्हणतात उपटू का, तर धनी म्हणतो नको, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या.

मामी हसली ती हसतच राहिली.

मामी : दोन खुरपण्या चुकल्या तर सोयाबीन हाती लागत नाही. कापणीपर्यंत ठेवा म्हणे! हे तुमच्या धन्याला कुणी सांगितलं?

मामा : ते तण दिसायला गव्हासारखंच असतं, ओंबी येईपर्यंत कळत नाही. मुळं एकमेकांत गुंततात. घाईनं उपटलं तर गहूही येतो. माणसांबद्दल निवाडा करायची घाई नको, असा त्याचा रोख.

मामी : माणसांचं असू द्या. पण तण ओळखणारी बाई त्या गोष्टीत नाही. नोकर सगळे गडी. आमच्याकडं खुरपायला बायकाच असतात, पाठ वाकवून दिवसभर. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी पहिल्या पंधरा दिवसांत पानावरून सांगितलं असतं गहू कुठला नि दुसरं कुठलं. धन्यानं त्यांना विचारलंच नाही.

हे मी कुठल्याही टीकाग्रंथात वाचलेलं नाही, आणि मत्तय तेरावर टीकाग्रंथ कमी नाहीत. मामांनी वहीत लिहून घेतलं. भाची म्हणाली, सप्टेंबरातल्या द्राक्षमळ्याच्या मजुरांबद्दलही मामींनाच विचारा. तो दृष्टांत यंदा 20 सप्टेंबरला येतो, सोयाबीन कापणीच्या तोंडावर. मामींचं म्हणणं, गुत्त्यानं एकर घेतलेल्या टोळीत कोण कधी आलं ते धनी मोजत नाही, टोळीच मोजते, आणि भांडण तिथं होतं. येशूच्या गोष्टीतही कुरकुर मजुरांतूनच उठते. मामा त्यावर वेगळा संदेश देणार आहेत.

12 जुलैचं मात्र त्याच संध्याकाळी ठरलं, आणि दोघांपैकी कुणाच्याही मनासारखं झालं नाही. भाचीला यशया पंचावन्न काढून टाकायचं होतं. मामांनी ठाम नकार दिला. वाचनाचा क्रम असा: आधी यिर्मया चौदा, एक ते सहा, भाचीच्या आवाजात. मग यशया. मग पेरणाऱ्याचा दृष्टांत, आणि त्याचा उलगडा न वाचता तिथंच थांबायचं. मामींनी आपल्या पेरणीचा खर्च सांगायचा. पावसासाठी प्रार्थना शेवटी. मृगाच्या रविवारचा प्रश्न पुढच्या वर्षावर गेला. गलतीकरांसच्या चौथ्या अध्यायावर एकमत झालं नाही.

मला विचाराल तर यादी असावी, आणि ती हातात धरून तिच्यात काय नाही तेही दरवर्षी तपासावं. ज्या मंडळ्या ही तीन वर्षांची यादी वापरतात त्यांच्यासाठी एक विनंती. लूकचं वर्ष पुन्हा 2027च्या अॅडव्हेंटला सुरू होईल. यिर्मया चौदा 29 ऑक्टोबर 2028च्या रविवारी येईल. यादीत सातव्या वचनापासून वाचा असं लिहिलेलं असेल. पहिल्यापासून वाचा.